बसलं म्हणाले

आमच्या नातेवाइकांत माझी एक गोष्ट चालते. लग्नकार्यात जेवणं उरकून मंडळी गाद्यांवर लवंडली की एखादी मावशी नाहीतर आत्येभाऊ म्हणतो, "मंजू, ती बसलं-बसलं सांग ना." मग मी सांगते. बाबांचे मित्र उस्मानकाका यांचा अकोल्याचा कारखाना बसला, त्यांनी फोनवर "बसलं" एवढंच सांगितलं, आणि मला वाटलं त्यांचं लाकडी कोडं बसलं. मी बाबांना तसाच निरोप दिला आणि बाबा रुसून बसले. इथे हशा पिकतो. मी थोडी थांबते, हसणाऱ्यांना वेळ देते. वीसेक वर्षं सांगून सांगून ही गोष्ट मला चांगली जमायला लागली आहे. घडलं मात्र तसं नव्हतं. बाबा गेले, उस्मानकाका त्यांच्या आधीच गेले, आणि आईला आता जुनं काही विचारलं तर ती दुसऱ्याच कुणाचं सांगते. म्हणजे हे ज्यांना सांगायला हवं होतं त्यांच्यापैकी कोणी उरलेलं नाही, आणि नेमक्या अशा वेळी मला लिहायची हुक्की आली आहे. वाचणाऱ्यानं काय समजायचं ते समजावं.

बाबा अमरावतीच्या दिवाणी कोर्टात वकील होते. वाटण्यांचे दावे हे त्यांचं पोट. एका विहिरीचे तीन हिस्से कसे करायचे, दोन शेतांमधल्या धुऱ्यावरची बाभूळ कोणाकडे जाणार, असल्या गोष्टींवर दोन सख्खे भाऊ समोरच्या खोलीत एकमेकांकडे पाठ करून बसलेले असत. राजापेठेतलं आमचं घर लहान होतं. पुढची खोली पक्षकारांची, मधली आमची, मागे स्वयंपाकघर. मधल्या खोलीच्या खिडकीत कूलर होता, तो होळीपासून घरघरायला लागायचा तो पावसाळा नीट लागेपर्यंत. त्या घरघरीत हळू बोलणं शक्य नव्हतं, म्हणून आमच्याकडे सगळ्यांचेच आवाज चढे. भारनियमन सुरू झालं आणि कूलर एकदम बंद पडला की तोंडातलं अर्धं वाक्य थेट शेजाऱ्यांच्या अंगणात जाऊन पडायचं. आईनं एकदा बाबांना उद्देशून काढलेलं "तुमच्या डोक्यात लाकडं भरली आहेत" हे वाक्य असंच गल्लीभर गेलं होतं, आणि पुढे बरेच दिवस समोरच्या काकू मला विचारत, "काय व, बाबा लाकडं भरून राह्यले काय?"

लाकडं खरीच होती. बाबांना कोड्यांचा नाद होता, आणि कोडी म्हणजे खोक्यात ठोकळे बसवायची. एक लाकडी खोका, त्याच्यासोबत निरनिराळ्या आकाराचे तुकडे, आणि अट एकच: सगळे तुकडे आत गेले पाहिजेत आणि वरचं झाकण सरकलं पाहिजे. कोर्टाच्या बाररूममध्ये पडलेल्या कुठल्याशा जुन्या मासिकात त्यांनी पहिल्यांदा असं चित्र पाहिलं, आणि ते कागदावर उतरवून पुढच्याच रविवारी अकोल्याला उस्मानकाकांकडे गेले. काका बाबांचे शाळेपासूनचे दोस्त. बाबा मूळचे अकोल्याचेच, आठवीपर्यंत दोघं एका बाकावर. मग बाबा शिकत राहिले आणि काका त्यांच्या वडिलांच्या कारखान्यात गेले. कारखाना म्हणजे टिनाचं एक लांब शेड, त्यात लाकूड चिरायचा आरा, दोन रंध्याची टेबलं आणि लाकडाच्या भुशाचा गरम, किंचित आंबट वास. तिफणी, वखर, डवरे अशी शेतीची अवजारं आणि बैलगाडीची जुवं हा त्यांचा माल. परतवाड्याच्या डेपोतून सागवान यायचं, बाभूळ आसपासची. बाबांचं चित्र पाहून काका म्हणाले होते, "दिन्या, हे कायले पायजे तुले? कोर्टात जज्जासमोर खेळतं काय?" पण करून दिलं, आणि करताना स्वतःसाठीही एक केलं. तिथून त्या दोघांचं हे वेड सुरू झालं. प्रत्येक कोडं दोनदा बनायचं. एक खोका अकोल्यात, एक अमरावतीत.

पहिल्या कोड्यांपैकी एक मला पाठ आहे. सहा चपट्या चौकोनी वड्या आणि तीन लहान फासे. कोणीही माणूस आधी मोठ्या वड्या भरतो आणि फासे शेवटी कुठेतरी खुपसू म्हणून बाजूला ठेवतो. सहावी वडी काही केल्या जात नाही. काका आमच्या मधल्या खोलीत सतरंजीवर मांडी ठोकून त्या सहाव्या वडीशी झटापट करत होते, कपाळावर घाम, आणि बाबा आरामखुर्चीत नुसते पाहत होते. बाबांची रीत अशी, की तासभर हात लावायचा नाही. नुसतं बघायचं. काकांची रीत याच्या उलट.

"थोडासा रंधा मारला न, त बसते हे," काका म्हणाले.

"रंधा मारला तर तू हरला."

"अबे, कोर्टात तू दिवसभर हेच करतं. थोडं इकडून तासतं, थोडं तिकडून तासतं."

"तिथं मला पैसे देतात तासायचे."

मी तेव्हा नववीत असेन. सतरंजीच्या दुसऱ्या टोकाला बसून मी आमचा खोका घेतला आणि उगाच एक फासा मधोमध ठेवला, जिथे तो पुन्हा दिसणारही नव्हता. मग एक एका कोपऱ्यात, एक त्याच्या समोरच्या वरच्या कोपऱ्यात. बाकीच्या वड्या त्यांच्याभोवती आपोआप गेल्या. काकांनी खोका हातात घेऊन उलटसुलट पाहिला, हलवून पाहिला, आणि स्वयंपाकघराकडे तोंड करून ओरडले, "वहिनी, या वकिलाले आता घरी बसवा. पोट्टी चालवते तुमची केस!" आई आतून म्हणाली, "त्यांना घरीच बसवलं तर माझ्या डोक्यावर बसतील." ती त्या वेळी पाटवडी थापत होती. काका येणार असले की पाटवडीचा रस्सा ठरलेला. काका दोन वाट्या रस्सा नुसता प्यायचे आणि तिसरी भाकरीसोबत. आम्ही अकोल्याला गेलो की काकांची बायको जैबूनचाची बाबांसाठी वेगळ्या पातेल्यात बिनमटणाचा दालचा करायची, आणि काका प्रत्येक वेळी म्हणायचे, "पाह्य रे, दोस्तीसाठी दालच्याचा बी सत्यानास करून राह्यली."

नियम असे ठरले होते. ज्याचं कोडं आधी सुटेल त्यानं रविवारी दुपारी दुसऱ्याकडे फोन करायचा आणि एकच शब्द बोलायचा: बसलं. हरलेल्यानं फोन करायचा नाही, की चौकशी करायची नाही. पुढच्या रविवारी जिंकलेला आपला खोका घेऊन हरलेल्याच्या घरी जाणार, सगळे ठोकळे सतरंजीवर ओतणार, त्याच्या डोळ्यांदेखत पुन्हा भरून दाखवणार, आणि हरलेल्याच्या घरी पोटभर जेवणार. एवढी एकच शिक्षा होती, पण ती दोघांनाही फार लागायची. आज मला वाटतं, या नियमांमुळेच ते दोघं इतकी वर्षं एकमेकांना न चुकता भेटत राहिले, आणि याच नियमांमुळे मला ते करता आलं जे मी केलं.

सत्तावीस ठोकळ्यांचं कोडं सगळ्यात शेवटचं. ते आलं तेव्हा मी बारावीची परीक्षा देऊन घरी होते. सत्तावीस ठोकळे, सगळे अगदी एकसारखे. प्रत्येकाची एक बाजू आठ सूत, एक दहा, एक बारा. सूत म्हणजे सुतारांचा इंचाचा आठवा भाग, काका दुसऱ्या कुठल्या मापात बोलतच नसत. खोका आतून तिन्ही बाजूंनी तीस सूत. पहिल्या दिवशी आम्हाला हे पोरखेळ वाटलं, कारण हिशेब केला तर खोक्यात जागा ठोकळ्यांपेक्षा जास्तच होती. सगळे आत गेल्यावरही एका ठोकळ्याहून अधिक जागा रिकामी राहायला हवी. आणि तरी दरवेळी सव्वीस आत जायचे आणि एक बाहेर राहायचा. आत पोकळी असायची, पण थोडी इथे, थोडी तिथे, कुठेही अख्ख्या ठोकळ्याएवढी नाही. बाबांना असल्या गोष्टींचा फार राग येई. जागा आहे आणि माणूस बाहेर, म्हणजे वाटणी चुकली, असं ते म्हणत. त्यांनीच कागदावर मांडून काढलं की कुठल्याही दिशेनं एका रांगेत तीनच ठोकळे मावतात, आणि सत्तावीस मावायचे तर एकूण एक रांग या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत घट्ट असली पाहिजे. आठ, दहा, बारा. उभ्या रांगेत, आडव्या रांगेत, खोल जाणाऱ्या रांगेतही. हे कळलं म्हणून कोडं सुटलं असं नाही. एक रांग घट्ट केली की तिच्या आडवी जाणारी ढिली व्हायची.

बाहेर काय चाललं होतं ते मला दिसत होतं, पण मी त्याकडे त्या वयात पाहतात तसंच पाहत होते. पुढच्या खोलीत वाटण्यांचे दावे घेऊन येणारे भाऊ कमी झाले, कारण वाटायला जे होतं ते विकून मोकळे झालेले लोक वाढले. तिवस्याकडचे एक पक्षकार दरवेळी हरभरा नाहीतर तूर आणून द्यायचे, ते नुसतेच येऊन बसून जायला लागले. गावोगाव बैल विकले जात होते. काका म्हणायचे, "बैलच नाई राह्यले त तिफन कोनाले पायजे? लोकं ट्रॅक्टरवाल्याले बलावते, एका दिवसात मोकये." शेडमध्ये तयार तिफणी एकावर एक रचून ठेवलेल्या असत, आणि ज्या कारागिरांच्या हातून तिफण घडायची ते काकांच्या सांगण्यावरून आमच्या कोड्याचे ठोकळे घासत बसलेले मी पाहिले आहेत. सत्तावीसाचं कोडं इतकं सफाईदार, इतकं मापात बनलं होतं, याचं कारण त्या उन्हाळ्यात तिथे दुसरं कामच नव्हतं. हे मला आज कळतं.

मला आर्किटेक्चरला जायचं होतं. बाबांना ते फारसं पसंत नव्हतं. "घरं बांधायला मिस्त्री असतात," असं त्यांचं म्हणणं. आईनं आणि मी मिळून त्यांना कसंबसं तयार केलं. प्रवेशासाठी एका मंगळवारी नागपूरला हजर व्हायचं होतं, मूळ कागदपत्रं आणि पालक सोबत. आई एकटी कधी बडनेऱ्याच्या पलीकडे गेली नव्हती. तेव्हा बाबांनीच यायला हवं होतं, आणि ते हो म्हणाले होते, तरी मला धाकधूक होती. आदल्या वर्षी काकांची आई वारली तेव्हा बाबा एका दिवसासाठी म्हणून पिशवी घेऊन अकोल्याला गेले आणि चाळिसावा उरकूनच परतले. तारखा गेल्या, एक जुना पक्षकार दुसऱ्या वकिलाकडे गेला, पण बाबांनी त्याची खंत केली नाही. उस्मानकाकांचा विषय आला की बाबांचं घड्याळ बंद पडायचं.

त्या मंगळवारच्या आधीच्या रविवारी बाबा एका पंचनाम्यासाठी तिवस्याला गेले होते. आई मोझरीच्या आश्रमात, तिच्या भजनी मंडळाबरोबर. मी एकटी सतरंजीवर सत्तावीस ठोकळे घेऊन बसले होते. सव्वीस आत होते. मी नेहमीप्रमाणे वरचा थर चाचपडत बसण्याऐवजी सगळा वरचा थर काढला आणि मधल्या थरातला अगदी आतला ठोकळा, जो इतके दिवस मी उभा ठेवत होते, तो आडवा केला. त्यासाठी त्याच्या शेजारचे दोन फिरवावे लागले, आणि त्यांच्यासाठी खालचा एक. मग प्रत्येक रांग बोटानं चाचपत, आठ, दहा, बारा असं पुटपुटत मी वरचा थर पुन्हा लावत गेले. शेवटचा ठोकळा कोपऱ्यातल्या जागेत उतरला तेव्हा आवाजही झाला नाही. झाकण सरकवलं. ते थोडं अडलं आणि गेलं. कूलर चालू होता. घरात कोणी नव्हतं, मला ओरडावंसं वाटत होतं, आणि तेवढ्यात फोन वाजला. रविवारी दुपारी वाजणारा फोन काकांचाच, म्हणून मी उचलल्या उचलल्या म्हटलं, "काका, बसलं!"

पलीकडून आधी नुसता रिक्षाचा हॉर्न ऐकू आला. मग, "कोन, मंजू? काय बसलं व माय?"

"सत्तावीस! झाकणसुद्धा सरकलं."

"वा. वा बेटा." मग, "माह्यं बी बसलं."

"तुमचंही? कधी?"

"कोडं नाई व. धंदा बसला माह्या. सारंच बसलं. काल आरा काढून नेला. दिन्या हाय काय घरी?"

बाबा तिवस्याला गेल्याचं मी सांगितलं. काका फोनच्या बूथवरून बोलत होते, मागून रिक्षांचे आवाज येत होते. त्यांच्या फोनमागे नेहमी आरा चाललेला असायचा आणि ते त्याच्यावरून ओरडून बोलायचे. त्या दिवशी ते हळू बोलत होते, आणि मला प्रत्येक शब्द स्वच्छ ऐकू आला. हे मी मुद्दाम लिहिते.

"जागावाला मंगळवारी कागद घेऊन येतो म्हन्ते," काका म्हणाले. "शेड खाली करून द्याचं त्याच्यात लिवलं हाय. मले त्यातलं काय समजते? दिन्याले म्हना, मंगळवारच्या आंदी येऊन पाहून जाय. तो म्हनन सही कर, त करीन. नाई म्हनन, त नाई करत. सांगजो बरं."

"मंगळवारी?" मी विचारलं.

"हाव. इसरू नको माय."

"सांगते काका."

"अन् झाकन खरंच सरकलं काय?"

"हो."

"दिन्याले दाखवलं?"

"नाही अजून."

"मंग आमच्या दोघायच्या बी आंदी तूच जितली," असं म्हणून ते हसले. ते खरंच हसले. फोन ठेवल्यावर मी सतरंजीवर परत येऊन बसले आणि भरलेल्या खोक्याकडे पाहत राहिले. मी फार वेळ विचार केला असं मला आठवत नाही. लोक म्हणतात की अशा वेळी मन दोन्हीकडे ओढतं. माझं नाही ओढलं. मला एवढंच दिसत होतं की निरोप दिला तर बाबा रात्रीच्या गाडीनं अकोल्याला जातील आणि मंगळवारी नागपूरला मी नसेन. पुढे दुसरीही एक गोष्ट दिसली, आणि ती माझ्या ध्यानात इतक्या चटकन आली याचं मला आजही नवल वाटतं. कोडं सुटलेलं बाबांनी पाहिलं तर नियमाप्रमाणे ते लगेच काकांना फोन लावणार, शेडचा फोन लागला नाही तर शेजारच्या दुकानात लावणार, आणि काकांशी बोलणार. म्हणून मी झाकण काढलं, खोका उलटा केला आणि ठोकळे सतरंजीवर ओतले. मग सव्वीस पुन्हा आत रचले, जसे असायचे तसे, आणि एक बाहेर ठेवला.

बाबा दिवेलागणीला आले. पाय धुता धुता त्यांनी विचारलं, "कोणाचा फोन वगैरे?"

"उस्मानकाकांचा. बसलं म्हणाले."

बाबा पाय धुवायचे थांबले. "बसलं? त्याचं? सत्तावीसही?"

मी त्याला हो म्हटलं नाही. नुसती त्यांच्याकडे टॉवेल धरून उभी राहिले. हो म्हटलं नाही, ही गोष्ट पुढे बरीच वर्षं मी माझ्या बाजूची म्हणून जपली.

"आणखी काय म्हणाला?"

"काही नाही."

"रंधा मारला असणार त्यानं," बाबा म्हणाले, आणि मधल्या खोलीत जाऊन त्या बाहेर राहिलेल्या ठोकळ्याकडे बराच वेळ पाहत बसले. आई आल्यावर त्यांनी तिला सांगितलं, "पुढल्या रविवारी येतो तो मिशा पिळत. पाटवडी कर."

मंगळवारी आम्ही नागपूरला गेलो. मला प्रवेश मिळाला. बाहेर आल्यावर बाबांनी मला हॉटेलात नेऊन कोथिंबिरीची सांबारवडी खाऊ घातली, आणि त्यांच्यातला तो नापसंतीचा भाग कुठे गेला कोण जाणे, ते वेटरलाही सांगत होते की पोरगी आता घरं बांधणार. मी खात होते. त्याच वेळी अकोल्यात काय होत असेल हे माझ्या मनात आलं, आणि वडी चवीला चांगली लागत होती, हेही तितकंच खरं. रविवारी आईनं पाटवडी केली. काका आले नाहीत. बाबा दुपारभर दारातून आत-बाहेर करत राहिले. त्याच्या पुढल्या रविवारीही नाही. "जिंकला म्हणून एवढा माज?" बाबा म्हणाले. हरलेल्यानं फोन करायचा नाही हा नियम त्यांनी असा घट्ट धरला, की जणू तो मोडला तर त्यांचीच बाजू पडेल. तिकडे काकांनी काय समजून घेतलं असेल ते उघडच आहे. निरोप पोचला आणि दिन्या आला नाही. मी होस्टेलला निघून गेले.

दिवाळीच्या सुट्टीत मी घरी असताना मूर्तिजापूरचे एक पक्षकार बोलता बोलता म्हणाले, "तुमच्या त्या दोस्ताचं शेड पाडलं न साहेब. मोटरसायकलीचं शोरूम होऊन राह्यलं तिथं." बाबांनी त्यांचं पुढचं काही ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या गाडीनं आम्ही निघालो. मला नेण्याचं कारण काही नव्हतं. "चल, तुला पाहून खूश होईल तो," बाबा म्हणाले, आणि नको म्हणायला मला काही सुचलं नाही.

काका घरीच होते, खाटेवर बसून पायजम्याची नाडी ओवत. आम्हाला पाहून उठले. "या वकीलसाहेब," ते म्हणाले. "बसा. जैबून, वकीलसाहेब आले, चाय टाक."

बाबा उभेच राहिले. मी तोवर काकांच्या तोंडून बाबांना दिन्या, अबे, वकिला, आणि एकदोनदा याहून वाईट ऐकलं होतं. साहेब कधीच नाही. बाबांनाही ते कळलं असणार, कारण ते एकदम अंगावर गेल्यासारखे बोलले. "अबे, शेड गेलं अन् मले सांगितलं नाही तू? काय कागद केला? दाखव." काकांनी आतून कागद आणला. बाबांनी उभ्या उभ्या वाचला आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. "तुह्या बापापासूनचा भाडेकरू तू," ते म्हणाले. "राजीखुशीनं खाली करतो म्हणून लिहून देलं? असं कोणी काढू शकत नव्हतं तुले. एक अर्ज टाकला असता मी. एक अर्ज. काहून नाही सांगितलं मले?"

"फोन केला होता न मी," काका म्हणाले.

"फोन केला तर तू नुसतं बसलं म्हटलं! मंजूनं सांगितलं मले, काका बसलं म्हणाले. मले वाटलं कोडं बसलं तुह्यं. मी येथं पाटवडी करून तुही वाट पाहून राह्यलो!"

काकांनी माझ्याकडे पाहिलं. चाची चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती, तिनंही पाहिलं. फार वेळ नाही, माणूस भाव विचारल्यावर वस्तूकडे पाहतो तेवढाच. मी चपलेच्या अंगठ्याकडे बघत होते. मग काका खाली बसले आणि त्यांनी पुन्हा नाडी हातात घेतली.

"हाव," ते म्हणाले. "तेवढंच म्हनलो मी."

"तेवढंच?"

"तेवढंच. दुसरं काय बोलाचं, सुचलं नाई मले." आणि मग माझ्याकडे न पाहता, "नागपूरले नंबर लागला म्हन्ते मंजूचा. बरं झालं. चाय घ्या साहेब, थंडी होते."

चाचीनं बशीत चहा ओतून बाबांपुढे धरला आणि माझ्या कपाखाली बशी ठेवायची विसरली, किंवा विसरली नाही. काका पुढे एका फर्निचरवाल्याकडे प्लायवूड कापायला जाऊ लागले. बाबांची आणि त्यांची भेट कधी लग्नात, कधी कुणाच्या मयतीत होत राहिली, आणि शेवटपर्यंत काका बाबांना साहेबच म्हणत राहिले. बाबांनी एकदोन नवी कोडी कागदावर काढली होती. ती कुणाकडून बनवून घेतली नाहीत. मी आज लोकांच्या घरांचे नकाशे काढते. लोक म्हणतात बाई कमी जागेत फार बसवतात.

पण त्या दिवशीचं पूर्ण सांगायला हवं. परतीच्या गाडीत बाबा खिडकीकडे बसले होते, मी शेजारी. कापसाची वेचणी चालू होती, शेताशेतांतून बायका वाकलेल्या दिसत होत्या. बाबा मूर्तिजापूर गेल्यावर म्हणाले, "लहानपणापासून असाच आहे तो. अर्धं बोलतो. नीट सांगितलं असतं तर मी त्याच दिवशी निघालो असतो की नाही?" मी पुढच्या सीटच्या लोखंडी दांडीला धरून बसले होते. बाबांनी माझ्याकडे वळून पुन्हा विचारलं, "निघालो असतो की नाही, मंजू?"

"निघाला असतात," मी म्हटलं. "काकांनी नीट सांगायला पाहिजे होतं."